बिनघंटेचं देवघर

"तुमच्या घरात कुणी गजराच्या आवाजाने गेलं आहे का?"

डॉक्टर मॅडमनी हे इतक्या साध्या सुरात विचारलं, जणू घरात कुणाला मधुमेह आहे का असंच विचारत होत्या. त्यांच्या हातात माझ्या ईसीजीची लांब पट्टी होती. पलंगाशेजारी तुमचे आजोबा उभे होते. ते लगेच म्हणाले, "छे छे, असं कुठे असतं का?"

मी म्हणाले, "हो."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली आहेत. या माणसाला माहीत नाही असं माझ्याकडे एकच काहीतरी होतं. ते माझ्या मुलाच्या वयाच्या एका अनोळखी बाईने कागदाच्या पट्टीवरून वाचून काढलं होतं.

ईरा, ओम, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. बदनापूरच्या शाळेत मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, तेव्हा तुम्हाला सोपं जावं म्हणून इंग्रजीतही लिहू शकले असते. पण यातली माणसं इंग्रजीत बोलत नाहीत. बाबा वाचून दाखवेल. हे आणखी कुणाच्या हाती पडलं आणि त्यांच्या घरात कुणी आवाजाने दचकून बेशुद्ध पडत असेल, तर त्यांनीही वाचावं.

ईरा, तू मात्र शेवटपर्यंत ऐक. मागच्या आठवड्यात बाबाला तुझ्या उशीच्या अभ्र्यात नऊ गोळ्या सापडल्या. तू त्याला म्हणालीस, "मला काही होत नाही. कुठल्यातरी देवीच्या गोष्टीसाठी मी जन्मभर गोळी घेणार नाही." हे वाक्य मला ओळखीचं आहे. तुझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असताना मीही असंच काहीसं बोलले होते. त्याचं काय झालं, ते तुला कुणी सांगितलेलं नाही.

आता क्रमाने सांगते.

दिवाळीनंतर मला खोकला झाला. तुम्हाला माझा औषधांचा डबा आठवत असेल. उरलेल्या प्रत्येक गोळीच्या पाकिटावर मी नाव, कशासाठी आणि कधी घेतली ते लिहून ठेवते. आजोबा त्याला 'बाईंचं मेडिकल' म्हणतात. त्या डब्यात मागच्या हिवाळ्यातल्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या होत्या. डॉक्टरांकडे जाण्याऐवजी मी त्या सुरू केल्या. पोट बिघडलं, जुलाब लागले, मळमळू लागलं. मग डब्यातली उलटीची गोळी घेतली. प्रत्येक पाकिटावरचं अक्षर सुवाच्य होतं. चूक एवढीच होती, की ती पाकिटं डॉक्टरने नाही, शिक्षिकेने लावली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी भिंतीवरच्या फोनखाली बसून पेपर वाचत होते. फोन वाजला. पुढचं मला आठवत नाही.

आजोबा सांगतात, मी खुर्चीतून घसरले, डोळे पांढरे झाले, हातपाय झटकले. मिनिटभराने मी डोळे उघडले आणि विचारलं, "फोन कुणाचा होता?" शेजारचे गृहस्थ एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर आहेत. त्यांची तेव्हा रात्रपाळी होती, म्हणून ते दुपारी घरी होते. त्यांनी गाडी काढली आणि आम्हाला जालन्याच्या दवाखान्यात पोचवलं.

तिथे सीटी स्कॅन झाला. म्हणजे यंत्राच्या बोगद्यात डोकं ठेवून मेंदूचे आडवे-आडवे फोटो काढतात. मेंदू चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, "फिट आली असावी. आधी कधी आली होती का?"

आली होती. माझ्या फाइलीत नोंद होती. तुमच्या बाबाच्या जन्मानंतर तीन आठवड्यांनी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि मी त्याच्या पाळण्याजवळ कोसळले होते. तेव्हाही फिटच म्हणाले होते आणि दोन वर्षं फिटच्या गोळ्या दिल्या होत्या. मी फाइल पुढे केली. व्यवस्थित माणूस असण्याचा हा तोटा. चूकसुद्धा तारखेसकट जपून ठेवली जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सलाइनच्या पंपाचा गजर माझ्या कानाजवळ झाला आणि मी पुन्हा बेशुद्ध पडले. या वेळी छातीला मॉनिटर जोडलेला होता. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना पडद्यावर जे दिसलं, त्याला टॉर्साड म्हणतात. हृदयाचे ठोके पिळल्यासारखे वेडेवाकडे होतात. हृदय आकुंचन पावत नाही, नुसतं थरथरतं आणि मेंदूला रक्त जात नाही. त्यांनी शिरेतून मॅग्नेशियम दिलं, पोटॅशियम सुरू केलं आणि आजोबांना बाहेर नेऊन सांगितलं, "ही फिट नाही. यांना हृदयाच्या दवाखान्यात न्या. आत्ताच."

अशी मी औरंगाबादला पोचले. आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात, पण माझं कॉलेज ज्या गावात झालं ते माझ्यासाठी औरंगाबादच आहे.

डॉक्टर मॅडमनी माझ्या डब्यातली पाकिटं पाहिली आणि म्हणाल्या, "या दोन्ही गोळ्या काही लोकांच्या हृदयाला चालत नाहीत. जुलाबाने पोटॅशियमही उतरलं. त्यामुळे हे झालं असेल." मला हायसं वाटलं. तीन दिवसांत औषधाचा अंमल उतरला, पोटॅशियम भरून आलं. ईसीजी मात्र पूर्ण सुधारला नाही. तेव्हा त्या पट्टी घेऊन आल्या आणि त्यांनी तो गजराचा प्रश्न विचारला.

या आजाराचं नाव लाँग क्यूटी सिंड्रोम. मॅडमनी मला सांगितलं ते असं. हृदय विजेवर चालतं. प्रत्येक ठोक्यानंतर त्याला पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार व्हावं लागतं. ईसीजीच्या रेघेवर क्यू या खुणेपासून टी या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे त्या तयारीचा वेळ. माझ्यासारख्यांचा तो वेळ लांबतो. हृदय तयार नसताना नेमका झटका बसला, तर ते थरथरायला लागतं. माणूस पडतो, हातपाय झटकतो, लोक फिट समजतात. आपोआप ताळ्यावर आलं तर माणूस उठून बसतो. नाही आलं, तर नाही.

"याचे प्रकार आहेत," मॅडम म्हणाल्या. "एका प्रकारात पळण्या-पोहण्याने होतं. दुसऱ्या प्रकारात अचानक आवाजाने. गजर, फोन, दाराची बेल. बायकांना बाळंतपणानंतरचे महिने जास्त धोक्याचे. आणि हे आईवडिलांकडून मुलांत उतरतं."

मी शाळेत एकतीस वर्षं काढली. दिवसातून आठ वेळा घंटा व्हायची. मग तिथे मी कशी पडले नाही? त्या पलंगावर मला एकदम उत्तर मिळालं. प्रत्येक घंटेच्या आधी मी मनगटावरचं घड्याळ बघायचे. शाळेत म्हणायचे, "बाईंच्या घड्याळावर शिपाई घंटा देतो." सगळे त्याला शिस्त म्हणत, मीही म्हणत होते. माझं शरीर मात्र एकतीस वर्षं घाबरून तयारीत उभं होतं.

आता गजराचं सांगते.

माझं माहेर अंबड तालुक्यातलं. आमच्या देवघरात घंटा नव्हती. आरतीला टाळ्या नाहीत, झांज नाही, आवाजसुद्धा नाही. सगळे हात जोडून उभे राहायचे, ओठ हलायचे आणि एकजण निरांजन ओवाळायचा. गावात त्याला 'मुकी आरती' म्हणत आणि आम्हाला 'मुक्याची पोरं'. आमच्याकडच्या लग्नात वाजंत्री नसे. इतरांकडे बाळ जन्मलं की थाळी वाजवत, आमच्याकडे तीही नाही. झोपलेल्या माणसाला हाक मारायची नाही. त्याच्या पायाचा अंगठा हलकेच धरायचा आणि डोळे उघडेपर्यंत धरून ठेवायचा.

कारण विचारलं, की आजी एकच ओळ सांगायची. पिढ्यांपूर्वी कुठल्याशा खापरपणजीच्या अंगात देवी आली होती आणि बोलली होती, "घंटा वाजंल, दिवा विझंल."

आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी. इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते. सुट्टीत घरी यायचे तेव्हा या मुक्या आरतीची मला लाज वाटायची. माझी धाकटी बहीण सुमन सोळा वर्षांची होती आणि मॅट्रिकला बसणार होती. गणितात हुशार. रोज पहाटे आमची नवी वहिनी, पारूवहिनी, तिला अंगठा धरून उठवायची.

परीक्षेच्या आधी मी औरंगाबादहून गजराचं घड्याळ आणलं. हिरवं, चावीचं, डोक्यावर दोन वाट्या असलेलं. सुमनला म्हणाले, "अंगठा धरून उठवायला तू काय राजकन्या आहेस? उद्यापासून आपलं आपण उठायचं." ती हसली. घड्याळ कानाला लावून टिकटिक ऐकत बसली.

वहिनी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की वन्सं. मी उठविते. मला कुठं कष्ट पडून राह्यलेत?"

मी म्हणाले, "वहिनी, असल्या देवीच्या गोष्टींवर विसाव्या शतकात कुणी चालत नाही."

पाच वाजता गजर झाला. सुमन ताडकन उठून बसली. माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायचं असावं तसं तोंड उघडलं आणि ती बाजूला कलंडली. मला वाटलं, मस्करी करते आहे. मी आधी गजर बंद केला. मग तिच्याकडे वळले. आधी घड्याळ, मग सुमन. हा क्रम मी कधी विसरले नाही.

सगळ्यांत आधी वहिनी आत आली. तिने सुमनला हलवलं, तिच्या नाकाजवळ बोट धरलं. मग घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. घड्याळ उचललं आणि पदराखाली घेतलं. मागून आई आली तेव्हा वहिनी म्हणाली, "झोपंतच गेली हो. मी अंगठा धरला तर थंडगार लागला."

मी काही बोलले नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. सासरी सांगितलं, बहीण तापाने गेली.

हे सगळं मी आयसीयूत सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं. आजोबा स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, "सुमनच्या नावाने तू दर वर्षी एका मुलीची परीक्षेची फी भरतेस. मला वाटायचं, माया आहे म्हणून." आणि ते बाहेर गेले. ते रागावले की रडायला गेले, मला कळलं नाही. परत आले तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी माझ्या पायाशी बसून अंगठा धरला. तोवर त्यांनी तसं कधी केलं नव्हतं.

त्याच दिवशी दुपारी पारूवहिनी आली. आता पंचाहत्तरीला टेकली आहे, पण एसटीतून एकटी उतरून दवाखाना शोधत आली. आयसीयूत एका वेळी एकालाच सोडतात. ती आत आली आणि माझ्याशेजारच्या मॉनिटरने पीं-पीं सुरू केलं. माझ्या छातीत धस्स झालं.

वहिनी थेट सिस्टरांकडे वळली. "ओ बाई, त्या पेटीचं तोंड बंद करा आधी."

"आजी, तो आवाज लागतो. पेशंटला काय होतंय ते आम्हाला कळतं."

"तुमाला कळतं, पर तिला काय व्हतंय? आमच्या घरच्याला आवाज चालत न्हाई. बिलकुल न्हाई."

सिस्टर हसल्या. "आजी, हे हॉस्पिटल आहे, देऊळ नाही."

"आवं देवळातलीच काढली आमी घंटा, मंग तुमच्या पेटीचं काय घिऊन बसलाव!"

सिस्टरांनी तिला बाहेर काढलं. ती काचेच्या दारापलीकडे उभी राहिली आणि तिने हात जोडले. तिचे ओठ हलायला लागले. मुकी आरती. येणारे-जाणारे तिला बाजूला सरायला सांगत होते. ती सरायची आणि पुन्हा तिथेच उभी राहायची. सुमन गेली त्या दिवसापासून मी देवापुढे हात जोडले होते ते फक्त लोकांसाठी. त्या दुपारी काचेच्या अलीकडून माझेही ओठ हलले. शब्द विसरले असतील असं वाटलं होतं. एकही विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मॅडमनी राउंडला येऊन लेखी सूचना दिल्या. मला कोपऱ्यातल्या शांत खोलीत हलवायचं. मॉनिटरचा आवाज खोलीत नको, तो बाहेर नर्सच्या टेबलावर वाजू दे. फोन बंद. दार आपटायचं नाही. झोपलेली असेन तर हाक मारून उठवायचं नाही.

कालच्याच सिस्टर वही घेऊन उभ्या होत्या. त्या लिहिता लिहिता थांबल्या. "मॅडम, हे सगळं काल त्या आजींनी सांगितलं होतं."

"कुठल्या आजींनी?"

सिस्टरांनी बाहेर बोट दाखवलं. वहिनी बाकावर बसून भाकरी खात होती.

संध्याकाळी मॅडमनी तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि मलाही चाकाच्या खुर्चीतून तिथे नेलं. त्यांनी एक मोठा कागद काढला. घराण्याचा नकाशा काढायचा होता. त्यात बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. ज्याला आजार असेल तो रंगवायचा. जो गेला त्याच्यावर तिरकी रेघ. मी माझ्या आजीपर्यंत सांगू शकले. त्यापुढे मला काही ठाऊक नव्हतं.

वहिनीला ठाऊक होतं. ती या घरची लेक नाही, सून आहे. पण मुक्या आरतीचं निरांजन तिच्या हाती आलं तेव्हा माझ्या आईने तिला सगळी नावं पाठ करायला लावली होती. मला सांगितली नव्हती. मी शिकलेली होते ना.

"सासऱ्याची आत्या, गोदा," वहिनी म्हणाली. "शेजारच्या लग्नात ताशा वाजला, मांडवातच गेली. तिचा चुलता, शिकाऱ्याचा बार ऐकून. त्याच्या आधी एक बाळंतीण, पहिलटकरीण. सुईणीनं थाळी वाजिवली आन् बाळाच्या बाजूलाच डोळे फिरिवले तिनं. तिच्या आईच्याच अंगात देवी आल्ती."

मॅडमचं पेन झरझर चाललं होतं. पाच पिढ्या झाल्या. गोल, चौकोन, रेघा. त्यांनी कागद सरळ केला. म्हणाल्या, "असा नकाशा मला शिकलेल्या घरांतूनसुद्धा मिळत नाही. आणि इतकी नियमाने पाळलेली काळजीसुद्धा."

मग त्यांनी विचारलं, "पण नियम होता, तर आता घरात बेल, फोन सगळं कसं?"

वहिनी माझ्याकडे बघेना. मी म्हणाले, "सांग."

"सुमन गेल्यावर मोडला नेम," ती म्हणाली. "मालक म्हणाले, पोरगी तर घंटा न वाजता गेली. मंग देवीचा शबुद खोटा. कशाला पाळायचा? पोराच्या लग्नाला बँड आणला त्यांनी. नातीला माझ्या फिटच्या गोळ्या चालूयेत दोन वर्सांपासून."

मालक म्हणजे माझा भाऊ. त्याचं म्हणणं तर्काला धरून होतं. त्याला दिलेली माहिती खोटी होती. ताशा, बंदुकीचा बार, थाळी. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं, त्यांच्याकडे ना ईसीजी होता ना कागद. त्यांनी ते देवीच्या एका ओळीत बांधून पुढे दिलं. पिढ्यान्‌पिढ्या ते जपून आणलं गेलं. आणि मी, लिहिता-वाचता येणारी पहिली बाई, मी त्यातला सगळ्यांत पक्का पुरावा लपवला.

मी वहिनीला विचारलं, "तू का खोटं बोललीस तेव्हा?"

"खरं बोलले असते तर तुमचं कालेज तिथंच खतम झालं असतं, वन्सं. एक पोरगी तर गेल्तीच. दुसरी कशाला घालवू?" आणि मग म्हणाली, "घड्याळ हाय अजून. ट्रंकंत. चावी काढून फेकली."

माझं शिक्षण, नोकरी, तुमच्या बाबाचं इंजिनिअरिंग, तुमचं कॅनडा, हे सगळं त्या बाईच्या पदराखाली दडलेल्या घड्याळावर उभं होतं. याबद्दल मी तिचे आभार आजवर मानले नव्हते. मी तिच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाली, "सलाइन निघंल."

मॅडमनी नकाशावर पेन टेकवलं. "तुमच्या मुलाचा ईसीजी?"

ईरा, आता तुझं. गेल्या वर्षी शाळेत आगीच्या सरावाचा भोंगा वाजला आणि तू पडलीस. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मुलगी सकाळी न खाता आली म्हणून. मला फोनवर बाबाने हे हसत हसत सांगितलं होतं आणि मी म्हणाले होते, "तिला रोज पोहे देत जा."

मी आजोबांना लगेच बाबाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. तुमच्याकडे सकाळ होती, तू शाळेत गेली होतीस. मी म्हणाले, "ईराच्या उशाचा फोनचा गजर आजच्या आज काढ आणि तिचा ईसीजी कर."

तो म्हणाला, "आई, तू आयसीयूत आहेस. आराम कर. पुढच्या महिन्यात तिची चेकअपची अपॉइंटमेंट आहेच."

"पुढच्या महिन्यात नाही."

"आई, मामी आली आहे ना तिकडे? तिने काही भरवलं का डोक्यात? तूच आम्हाला शिकवलंस, अंधश्रद्धा ठेवायची नाही म्हणून."

ज्या जागी मी एकदा वहिनीला उभं केलं होतं, त्या जागी मी आता उभी होते. मी त्याला सुमनचं सांगितलं. गजर, तिचं उघडलेलं तोंड, आधी घड्याळ मग सुमन. लहानपणापासून त्याला मावशी तापाने गेली एवढंच माहीत होतं. पडद्यावर त्याचा चेहरा थिजला. मला वाटलं, नेट गेलं.

मग तो म्हणाला, "मी तिला शाळेतून घेऊन येतो." आणि कॉल बंद झाला.

तुला त्या दिवशी गणिताच्या तासातून मधूनच का उठवून नेलं, ते हे. तू चिडली होतीस. चिडायला तू जिवंत होतीस, हे मला पुरेसं होतं.

ईसीजीत तुझं आणि बाबाचं अंतर लांब निघालं. काही आठवड्यांनी रक्ताचा जनुकीय तपास आला. आईवडिलांकडून मिळणाऱ्या आराखड्यात एका अक्षराची चूक आहे. पेशींतून पोटॅशियम बाहेर जायचं जे दार असतं, ते त्या चुकीमुळे नीट उघडत नाही. माझ्यात, बाबात, तुझ्यात आणि वहिनीच्या नातीत तीच चूक. ओममध्ये नाही. ओम, म्हणून तुझ्यावर एक काम आहे, ते शेवटी सांगते.

मला आता रोज एक गोळी आहे. तिला बीटा ब्लॉकर म्हणतात. दचकल्यावर जो झटका हृदयाला बसतो, तो ती बोथट करते. न चालणाऱ्या औषधांची यादी पर्समध्ये आहे, आणि कुठल्याही नव्या डॉक्टरला मी ती नमस्काराआधी देते. भिंतीवरचा फोन काढला. माझा तो डबा आजोबांनी रिकामा केला. आता त्यात बटणं आहेत. वहिनीच्या नातीच्या फिटच्या गोळ्या तिच्या डॉक्टरांनी थांबवून बदलल्या. कुणीही स्वतःच्या मनाने थांबवू किंवा बदलू नयेत, हे मी ज्या पद्धतीने शिकले ती पद्धत तुम्हाला सांगितलीच आहे.

घरी जाताना मी डॉक्टर मॅडमना विचारलं, "देवीला खरंच माहीत होतं का हो?"

त्या म्हणाल्या, "मला जनुक दिसतं, देवी दिसत नाही. पण ज्यांनी तुमच्या देवघरातली घंटा काढली, त्यांनी माझ्या आधी निदान केलं होतं. उपचारसुद्धा. त्यांच्याकडे गोळी तेवढी नव्हती."

मला यापेक्षा जास्त कळलेलं नाही. मला मॅग्नेशियमने वाचवलं, प्रार्थनेने नाही. वहिनीला विचारशील तर ती दोन्ही म्हणेल. पण काचेपलीकडे तिचे ओठ हलताना पाहिले आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा मला आवाजाची वाट बघावी लागली नाही. आता संध्याकाळी मी मुकी आरती करते. आजोबा शेजारी उभे राहतात. त्यांना शब्द येत नाहीत, पण त्यात ते कुणाला कळतही नाही.

ईरा, तू म्हणतेस, तुला काही होत नाही. सुमनलाही काही होत नव्हतं. आदल्या संध्याकाळी तिने भूमितीची दोन प्रमेयं सोडवली होती. देवीसाठी गोळी घेऊ नकोस. माझ्यासाठीही नको. तुझ्यासाठी घे. थकवा येत असेल, बरं वाटत नसेल, तर तुझ्या डॉक्टरांना सांग, ते मात्रा बघतील. पण अभ्र्यात लपवू नकोस. या घरात एक वस्तू लपवून झाली आहे.

ओम, तुझं काम हे. ताईला सकाळी हाक मारायची नाही. तिच्या पायाचा अंगठा हलकेच धरायचा आणि ती डोळे उघडेपर्यंत धरून ठेवायचा. लाथ मारेल. तरी सोडायचा नाही.

मॅडमनी नकाशाची एक प्रत मला दिली आहे. मी ती काचेखाली ठेवली आहे, देवघरात, जिथे घंटा असते त्या जागी. वरून खाली बघत गेलं की रंगवलेले गोल आणि चौकोन येतात, जवळजवळ प्रत्येकावर तिरकी रेघ. सुमनच्या गोलावर ती रेघ मी माझ्या हाताने ओढली आणि शेजारी लिहिलं, 'गजराने'. पन्नास वर्षं उशिरा, पण खरं.

सगळ्यांत खाली, उजवीकडे एक गोल रंगवलेला आहे आणि त्यावर रेघ नाही. त्याखाली तुझं नाव आहे. रोज संध्याकाळी मी त्याच्याकडे बघते आणि माझी गोळी घेते. तुमच्याकडे तेव्हा सकाळ असते. तुझीही तेव्हाच घे.